खारपाणातला बोल्ट

मागच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. अकोल्यातल्या एका गॅरेजात आमची गाडी दोन घोड्यांवर चढवून ठेवली होती. मागची दोन्ही चाकं काढून बाजूला आडवी टाकली होती, आणि मी जमिनीवर पुठ्ठा अंथरून, त्यावर पाठ टेकून, एका बोल्टाकडे पाहत पडलो होतो. दुपारचे चार वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाबांचं डायलिसिस होतं. आठवड्यातून दोनदा त्यांना दर्यापूरकडच्या आमच्या गावाहून अकोल्याला आणावं लागतं. परतीच्या वाटेवर त्यांचं अंग इतकं गळून गेलेलं असतं, की प्रत्येक खड्डा त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मागचे शॉकअप संपले होते. एकदा आपटलेली गाडी पुढे चार वेळा हलत राहायची. म्हणून नवी जोडी आणली होती.

मागचे शॉकअप बदलायला किती वेळ लागतो? मोबाइलवरच्या व्हिडिओत वीस मिनिटं लागतात. त्या व्हिडिओंतले बोल्ट चकचकीत असतात. पाना लावला, फिरवला, निघाला. आमचा बोल्ट चौदा वर्षं तिथेच होता. त्याचा रंग पूर्णेच्या गाळासारखा झाला होता, आणि त्याच्या डोक्याचे कोपरे मीच आदल्या रविवारी घरी गोल करून ठेवले होते. सहा कोनांच्या सॉकेटऐवजी बारा कोनांचा रिंग पाना लावला, त्यावर पाइप चढवला आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. पाना सटकला, हाताची सालं निघाली, बोल्ट तसाच राहिला.

मिस्तरींनी टॉर्च मारून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी कोणत्या पाण्यानं धुता, दादा?"

"बोअरच्या."

"दर्यापूरकडची न?"

"हो."

"मंग त असंच होईन," ते म्हणाले आणि ब्रश शोधायला गेले.

त्या एका प्रश्नाने मला या लेखाकडे ढकललं. अमरावती-अकोल्याचा इतिहास मी शाळेत कापूस, रेल्वे आणि सत्याग्रह या तीन धड्यांत वाचला होता. ते तीनही धडे त्या बोल्टाला चिकटलेले आहेत, हे गाडीखाली पडल्यावर कळलं.

*

आधी बोल्ट जाम होतो म्हणजे काय होतं, ते पाहू. शॉकअपच्या खालच्या टोकाला एक गोल डोळा असतो. त्या डोळ्यात रबराचा बुश, बुशाच्या पोटात लोखंडी नळी आणि त्या नळीतून आरपार गेलेला बोल्ट. बोल्ट आणि नळी यांच्यात फट असते ती केसाएवढी. पावसाचं पाणी, धुण्याचं पाणी, ओला चिखल या फटीत शिरतो आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज तयार होतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दुपटीपासून सहापटीपर्यंत. केसाएवढी फट अशी भरली, की नळी आणि बोल्ट जणू एकाच तुकड्याचे होतात. नट निघतो, तुम्ही खूश होता. मग बोल्ट फिरवायला जाता, तर नळी त्याच्याबरोबर फिरते, रबर पिळतं, आणि पाना सोडला की सगळं पुन्हा जागेवर येतं. बोल्ट फिरतोय असं वाटतं, पण तो फिरत नसतो.

आता या पाण्यात मीठ घाला. गंज चढणं ही मुळात विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे अतिशय बारीक प्रवाह वाहतो आणि पाणी त्याची वाट बनतं. मिठाच्या पाण्यातून हा प्रवाह सहज वाहतो. शिवाय मिठातलं क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक थर फोडतं. समुद्रकाठच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. रत्नागिरीच्या माणसाला खिडकीच्या गजाचं काय होतं ते ठाऊक असतं. पण दर्यापूर कुठे आणि समुद्र कुठे?

आमच्याकडे समुद्र नाही, पण खारपाणपट्टा आहे. सातपुड्यातून निघालेली पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा अशी वाहत पश्चिमेला जाते आणि चांगदेवला तापीला मिळते. या नदीच्या दोन्ही अंगांना शेकडो फूट खोल गाळ साचलेला आहे आणि त्या गाळातलं पाणी खारट आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांमधून हा पट्टा जातो. इथे विहीर खोदली तर पाणी लागतं. पण ते प्यायला चालत नाही, डाळ त्यात शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शेताला दिलं तर त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून पाण्यावर बसलेला हा सगळा प्रदेश पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, मूग आणि हरभरा पिकवतो. प्यायचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून पाइपाने येतं. अकोटकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना, आमच्याकडे शहानूर.

त्यामुळे घराघरात पाण्याच्या दोन जाती असतात. गोडं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला. खारं पाणी सड्याला, बैलांना, भांड्यांना आणि गाड्यांना. लहानपणापासून मला हे इतकं सवयीचं होतं, की पुण्यात शिकायला गेल्यावर एक मुलगा पिण्याच्या नळाने मोटारसायकल धुताना पाहिला तेव्हा मी थक्क होऊन उभा राहिलो होतो.

*

या खाऱ्या पाण्याचा एक काळ असा होता, की ते संपत्ती होतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढलं जाई. अकोल्याच्या उत्तरेचं दहीहांडा हे त्यातलं मोठं नाव. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. मिठावर सरकारी मक्तेदारी घट्ट होत गेली आणि १८८२ च्या कायद्याने ती पक्की झाली. दहीहांड्याच्या विहिरींचं मीठ बंद झालं. पाणी तसंच खारट राहिलं, पण त्याचा उपयोग गेला.

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. देशभर जिथे समुद्र होता तिथे लोक किनाऱ्यावर गेले. वऱ्हाडाला किनारा नव्हता. पण कुणाला तरी जुन्या विहिरी आठवल्या. त्याच एप्रिलमध्ये दहीहांड्याला लोक जमले, विहिरीचं खारं पाणी काढून उकळलं गेलं आणि मीठ तयार झालं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या मातीच्या मधोमध मिठाचा सत्याग्रह झाला. शाळेत मी या घटनेवर चार ओळींची टीप लिहिली होती. त्या विहिरीचं पाणी आणि आमच्या बोअरचं पाणी एकाच पट्ट्यातलं आहे, हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. ज्या पाण्याने सरकारचा कायदा मोडला, तेच पाणी माझ्या गाडीच्या बोल्टात बसलं होतं.

*

मिस्तरींनी तारेच्या ब्रशने आट्यांवरचा चिखल आणि पापुद्रे काढले. मग तेल सोडलं. बाजारात मिळणारी निळी-पिवळी बाटली त्यांच्याकडे होती, पण त्याआधी त्यांनी स्वतःचं मिश्रण लावलं. त्यात डिझेल होतं आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल. थेंब थेंब, दोन्ही बाजूंनी. मग हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर टकटक. जोरात नाही, दारावर पाहुणा टकटक करतो तशी. त्या हादऱ्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं.

ती निळी-पिवळी बाटली म्हणजे डब्ल्यूडी-४०. तिचा जन्म गॅरेजातला नाही. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात एका छोट्या कंपनीने क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ती बनवली. नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणारं, आणि '४०' म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. तिचं मूळ काम लोखंडावरून पाणी दूर सारण्याचं होतं. जाम बोल्ट सोडवण्याचं काम तिच्या गळ्यात नंतर पडलं.

"आता एकदा कसून पाहा लागते," मिस्तरी म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कसून? सोडायचाय ना?"

"आधी कसाचं, मंग खोलाचं. ज्या बाजूनं तो चौदा वर्षं बसला, त्या बाजूनं थोडासा हलला पायजे. हलला की गंजाची पकड तुटते. एकदम उलटा वढला त तुटन."

उजव्या बाजूचा बोल्ट त्यांनी तसाच काढला. थोडा कसला, कर्र आवाज आला. थोडा सोडला, पुन्हा कसला, तेल टाकलं, पुन्हा सोडला. अर्ध्या तासात तो बाहेर आला. डावा मात्र हलला नाही. तो मी कोपरे गोल केलेला.

*

मिस्तरींची पान्यांची पेटी पाहिली तर एका कोपऱ्यात जाड, काळपट, जुने पाने वेगळे ठेवलेले होते. ते आता फारसे वापरात येत नाहीत. पण तीच माझी दुसरी इतिहासाची शाळा ठरली.

१८४१ पर्यंत जगात बोल्टाला ठरलेलं माप नव्हतं. प्रत्येक कारखाना आपले आटे आपल्या मनाने पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने त्या वर्षी सुचवलं, की आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंशांचा असावा आणि अमुक जाडीच्या बोल्टाला इंचात अमुकच आटे असावेत. इंग्लंडच्या रेल्वेने ते उचललं. त्याच मापाची यंत्रं जहाजांतून हिंदुस्थानात आली आणि वऱ्हाडापर्यंत पोचली. कारण वऱ्हाडात कापूस होता.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला केवळ कापसाच्या बाजारपेठा जोडण्यासाठी फाटे काढले गेले. पाठोपाठ सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने आले. रुळांच्या जोडपट्ट्या, बॉयलरची झाकणं, दाबयंत्रांचे खांब, सगळं बोल्टांवर उभं होतं.

त्याआधी वऱ्हाडातल्या वाहनाला बोल्ट नव्हताच. बैलगाडीचं चाक लाकडाचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि वरून लोखंडी धाव. ती धाव बसवायची कशी? लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, तापून ती मोठी झाली की चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. निवताना धाव आकसते आणि चाकाला आवळून धरते. जाम नट काढताना मिस्तरी गॅसच्या ज्योतीने नट तापवतात, तो प्रसरण पावतो आणि आतल्या बोल्टावरची पकड सोडतो. हे तेच शास्त्र आहे, फक्त उलट्या दिशेने. माझ्या आजोबांच्या गाडीला शॉकअपही नव्हता आणि कमानपाटाही नव्हता. धक्का खायला बैलाची मान होती आणि माणसाचा कणा.

मोटारी आल्या तसे पाटे आले. पण पाटा धक्का झेलतो आणि मग स्वतःच झुलत राहतो. ते झुलणं थांबवणारं यंत्र म्हणजे शॉकअप. सुरुवातीला घर्षणाच्या तबकड्या होत्या. मग तेलाचा वापर सुरू झाला. नळकांड्यातला दट्ट्या तेलातून वर-खाली होतो, तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं, आणि हादऱ्याची ताकद उष्णतेत बदलून संपते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला असे नळकांड्याचे शॉकअप होते. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत त्या जीपची जोडणी सुरू केली. पुढे वऱ्हाडात जीप हे गावाचं वाहन झालं.

जीपबरोबर अमेरिकन आटे आले, ६० अंशांचे. इंग्रजी ट्रक-बसना व्हिटवर्थच्या घराण्यातले ५५ अंशांचे. १९५४ ला जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले, त्यांना जर्मन मिलिमीटरचे. युद्धात एकमेकांचे बोल्ट बसेनात म्हणून हैराण झालेल्या अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने १९४८ मध्ये इंचाचे आटे एक केले. भारताने १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं लागू करायला सुरुवात केली. पण कायदा झाला म्हणून गॅरेजातली जुनी गाडी बदलत नाही. मिस्तरींच्या उस्तादाला तीन घराण्यांचे पाने लागत. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टाच्या दांड्याचा, डोक्याचा नव्हे. त्यामुळे अर्धा लिहिलेला पाना अर्ध्या इंचाच्या डोक्याला लावला तर खडखड वाजतो. नवख्या पोऱ्याने चुकीच्या घराण्याचा पाना लावला, की बोल्टाचे कोपरे गेलेच. म्हणजे मी केलेली चूक किमान सत्तर वर्षं जुनी आहे. हे ऐकून जरा बरं वाटलं.

मिस्तरी अजूनही तोंडाने सुतातच बोलतात. एका इंचाचे आठ सूत. "चार सुती" म्हणजे अर्धा इंच. आमच्या गाडीचा बोल्ट मिलिमीटरचा, पान्यावर एकोणीस कोरलेलं, पण पोऱ्याला ते म्हणाले, "सहा सुतीच्या जवळचा आण."

*

सहा वाजता मिस्तरींनी हात पुसले. "हा आज निंघत नाई, दादा. याले रातभर तेल पिऊ दे."

मी म्हणालो, "कापून टाका ना ग्राइंडरनं. गॅसनं तापवा."

त्यांनी मला पुन्हा खाली बोलावलं आणि टॉर्चने दाखवलं. बोल्टाच्या हातभर अंतरावर ब्रेकचा पाइप होता. पलीकडे डिझेलची टाकी. शॉकअपच्या पोटात तेल, आणि काहींमध्ये दाबाखालचा वायूही असतो. त्याला ज्योत लागली तर तो फुटतो. "अंधारात मी इथं ग्राइंडर चालवत नाई. उद्या उजेडात पाहू. जोर लावून निंघत असता, त मंग मिस्तरी कायले लागते?"

घरी फोन केला. आई म्हणाली, "सकाळच्या एसटीनं येतो आम्ही. तू काळजी नोको करू." मी बहिणीकडे मुक्काम केला, आणि झोप आली नाही म्हणून हे सगळं वाचत बसलो.

एसटीचा वाढदिवस आपण १ जूनला साजरा करतो, कारण १ जून १९४८ ला पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पण त्या दिवशी अकोला-अमरावती त्या राज्यात नव्हते. आम्ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो आणि आमच्याकडे प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसच्या बस होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्या बसही एकत्र झाल्या.

बाबांच्या तरुणपणी मात्र मूर्तिजापूरला जायचं म्हणजे शकुंतला. किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी टाकलेली नॅरोगेज. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला, मिळून १८९ किलोमीटर. दर्यापूरचं स्टेशन बनोसा. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! आणि तेही या खाऱ्या पट्ट्यातून.

एवढं कसं टिकलं? याचं उत्तर रेल्वेच्या एका साध्या रिवाजात सापडलं. रुळांच्या सांध्यावर दोन जोडपट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असतात. उन्हाने रूळ वाढतो, थंडीने आकसतो, म्हणून तो सांधा सरकता राहावा लागतो. त्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, गँगमन प्रत्येक सांध्याचे बोल्ट खोलतात, पट्ट्या काढतात, गंज खरवडतात, वंगण लावतात आणि पुन्हा आवळतात. काहीही बिघडलेलं नसताना. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारे माझे आजोबाही तेच करत. गाडीला बांधलेलं वंगणाचं नळकांडं हा गाडीचाच भाग होता.

आमच्या गाडीचा बोल्ट चौदा वर्षांत एकदाही कुणी खोलला नव्हता. मी पाण्याला दोष देत होतो. पाणी दोषी आहेच. पण बोल्ट ही वस्तू उघडता यावी म्हणून शोधली आहे. कायमचं जोडायचं असेल तर रिव्हेट आहे, वेल्डिंग आहे. जो बोल्ट कधीच उघडला जात नाही, तो हळूहळू वेल्डिंगच होतो. शकुंतला आता धावत नाही. तिच्या रुळांवर गवत आहे, आणि ते सांधे आज कुणी खोलू म्हटलं तर त्यांचं काय झालं असेल, ते मला डाव्या बाजूच्या बोल्टाने सांगितलं होतं.

*

सकाळी उजेडात मिस्तरींनी टाकीवर आणि ब्रेकच्या पाइपवर ओलं पोतं टाकलं. रात्रभरच्या तेलानेही बोल्ट हलला नाही. मग त्यांनी जुन्या शॉकअपचा डोळाच कापला, रबर पकडीने ओढून काढलं, आणि बोल्टावर उरलेल्या नळीला ग्राइंडरने लांबीच्या दिशेने एक चीर पाडली. बोल्टाला न लागू देता. छिन्नी लावून दोन घाव घातले आणि नळी उमलल्यासारखी उघडली. आत तांबडी पूड होती. ती बोटावर घेऊन मिस्तरींनी मला दाखवली. "हे पाहा तुमच्या बोअरचं पाणी."

नवे बोल्ट त्यांनी मुद्दाम पक्क्या प्रतीचे आणायला लावले. डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहूनच घेतले. हा आकडा बोल्टाची ताकद सांगतो. बिनआकड्याचा बोल्ट शॉकअपला लावायचा नाही. दांड्याला ग्रीस फासलं. आटे मात्र कोरडेच पुसले, कारण तेलकट आट्यांवर पाना नेहमीच्या ताकदीने फिरवला तरी बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. नट आधी हातानेच बसवले. शेवटचं कसणं त्यांनी गाडी घोड्यांवरून उतरवल्यावर, चाकांवर वजन आल्यावर केलं. हवेत लोंबकळत असताना कसलं, तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

"आता दरसाल दिवाळीले या. चार बोल्ट खोलतो, ग्रीस लावतो, बसवतो. पैसे देऊ नोका, चहा पाजा," मिस्तरी म्हणाले. "आन् पावसाळ्यानंतर एकदा गोड्या पाण्यानं खालून धुवा."

मी हसलो. तेही हसले. गोडं पाणी गाडीला, हे आमच्या गावात कुणाला सांगितलं तर माणसं मला वेड्यात काढतील, आणि त्यांचंच बरोबर असेल. शेवटी आम्ही ठरवलं की छपरावर पडणारं पावसाचं पाणी एका टाकीत साठवायचं. शेताला शेततळं करतात, तसं गाडीला.

बाबांचं डायलिसिस बाराला संपलं. त्यांचा आजार पाण्याने झाला का, हा प्रश्न मी डॉक्टरांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, बारा वर्षांची साखर आहे, रक्तदाब आहे, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आहेत. कोणत्या एका गोष्टीवर बोट ठेवू? मी पुन्हा विचारलं नाही. पण आम्ही गाडीची सर्व्हिसिंग चुकवतो तशीच बाबांची रक्ततपासणीही सात वर्षं चुकवली होती. काही बिघडलं नसताना उघडून पाहायची सवय आम्हाला गाडीलाही नव्हती आणि माणसालाही नव्हती.

परतताना मी मुद्दाम थोडी वाट वाकडी केली आणि मूर्तिजापूरपर्यंत हायवे धरला. हाच तो रस्ता. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत, ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली. ७२० माणसं रात्रंदिवस खपली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, सुमारे पंचवीस किलोमीटरचा. याच काळ्या मातीवर, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर रस्ता सपाट ठेवणं हे रस्ता टाकण्याइतकंच कठीण काम आहे. त्याची नोंद कुठल्या बुकात होत नाही.

मूर्तिजापूरहून दर्यापूरच्या रस्त्याला वळलो. पहिला खड्डा आला तेव्हा मी आरशात पाहिलं. गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. बाबा डोळे मिटून बसले होते.

"लागलं का?" मी विचारलं.

"काय?" ते म्हणाले. "सकाळच्या लाल गाडीनं सगळी हाडं मोजून देल्ली. आता झोपू दे."

आई त्यांच्या शेजारी मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. अकोल्याच्या नळाचं पाणी. दवाखान्यातून निघताना ती नेहमी भरून घेते.